घरगुती वायुवेगमापक

पाऊस भांड्यात साठवून मोजता येतो आणि उष्णता तापमापकातील पाऱ्यावरून कळते. वारा मात्र डोळ्यांना दिसत नाही व भांड्यात साठतही नाही. त्याने हलविलेल्या वस्तूंवरूनच त्याचे अस्तित्व जाणवते. म्हणून सामान्य व्यवहारात वाऱ्याविषयी ‘झुळूक आली’, ‘वारा पडला’, ‘सोसाट्याचा वारा सुटला’ अशा शब्दांनीच बोलले जाते. बोलण्यापुरते हे शब्द पुरेसे आहेत. परंतु छपराचा पत्रा किती घट्ट बांधावा, किंवा विमान कोणत्या दिशेने उतरवावे, हे ठरविण्यास ते अपुरे पडतात. तेथे वाऱ्याचा वेग आकड्यांत सांगावा लागतो.

घरात सहज सापडणाऱ्या वस्तूंपासून वाऱ्याचा वेग दाखविणारी दोन उपकरणे कशी तयार करावीत, आणि त्यांनी दाखविलेला आकडा कितपत खरा आहे हे कसे पारखावे, याची माहिती या पाठात दिली आहे. दुसरा भाग पहिल्याहून अधिक महत्त्वाचा आहे. कारण फिरणारे चक्र बनविणे सोपे असते. ते चक्र नेमके काय मोजते हे शोधून काढण्यातच खरे विज्ञान आहे.

झिरकपूरचा वारा

उदाहरणादाखल पंजाब राज्यातील झिरकपूर हे गाव घेऊ. चंदीगढच्या आग्नेयेस, अंबाला, पतियाळा आणि सिमला यांकडे जाणारे रस्ते जेथे एकत्र येतात तेथे ते वसलेले असून गेल्या काही दशकांत तेथे उंच इमारतींची दाट वस्ती झाली आहे. उत्तरेस शिवालिक टेकड्यांची रांग दिसते. दक्षिणेस व पश्चिमेस पंजाबचे सपाट मैदान पसरलेले आहे.

गावाला लागूनच चंदीगढचा विमानतळ आहे. २०२२ साली त्याला शहीद भगतसिंग यांचे नाव देण्यात आले. त्याच्या धावपट्टीच्या दोन टोकांना ११ व २९ असे क्रमांक आहेत. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे होकायंत्रावरील दिशेच्या अंशांतील शेवटचा अंक सोडून उरलेली संख्या होय. त्यानुसार ११ म्हणजे ११० अंश, अर्थात पूर्वेच्या किंचित दक्षिणेकडे, आणि २९ म्हणजे २९० अंश, अर्थात पश्चिमेच्या किंचित उत्तरेकडे. विमानाने शक्यतो वाऱ्याच्या समोरून उडावे व उतरावे असा नियम असल्याने, धावपट्टी आखताना त्या प्रदेशातील नेहमीचे वारे विचारात घेतले जातात. पंजाबच्या मैदानात वर्षाचा बराच काळ वायव्येकडून वारा वाहतो, तर पावसाळ्यात गंगेच्या खोऱ्यातून वर येणारे आग्नेयेचे वारे असतात. धावपट्टीचा रोख या दोहोंशी बराचसा जुळतो.

एप्रिल ते जून या काळात तेथील वाऱ्याचे स्वरूप उग्र होते. दिवसभर कोरडी, तप्त लू वाहते, आणि एखाद्या सायंकाळी धुळीचा उंच पडदा क्षितिजावरून पुढे सरकत येतो. हिंदीत यास आँधी व पंजाबीत हनेरी म्हणतात. दोन्ही शब्दांचे नाते अंधाराशी आहे, आणि वादळ येताच भर दिवसा पडणारा अंधार पाहिल्यावर ते पटते. गडगडाटी ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच वाफ होऊन जातो. त्या बाष्पीभवनाने हवा थंड व जड होते, वेगाने खाली कोसळते, आणि जमिनीवर आपटून चोहोकडे पसरताना वाळलेल्या शेतांतील माती उचलून नेते.

अशा अकस्मात उठणाऱ्या वाऱ्यास हवामानशास्त्रात चंडवात म्हणतात. त्याची व्याख्या आकड्यांत केलेली आहे. वाऱ्याचा वेग एकाएकी ताशी सुमारे ३० किलोमीटरांनी किंवा अधिक वाढला पाहिजे, तो ताशी सुमारे ४० किलोमीटरांवर पोहोचला पाहिजे, आणि निदान एक मिनिट टिकला पाहिजे. ज्याच्याजवळ मापक नाही त्यास वादळ आले एवढेच सांगता येईल. तो चंडवात होता की नव्हता, हे सांगता येणार नाही.

अंदाजापासून मापनाकडे

वाऱ्याचा अंदाज पद्धतशीरपणे करण्याची युक्ती ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ साली काढली. त्यांनी वाऱ्यास शून्यापासून बारापर्यंत क्रमांक दिले. या श्रेणीचे जमिनीवरील रूप आजही उपयोगी पडते. धूर सरळ वर जात असेल तर क्रमांक शून्य. पाने व बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर क्रमांक तीन, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटर. धूळ व सुटे कागद उडू लागले की क्रमांक चार, म्हणजे २० ते २८ किलोमीटर. झाडांच्या डहाळ्या मोडू लागल्या व चालणे कठीण झाले की क्रमांक आठ, म्हणजे ६२ ते ७४ किलोमीटर.

यंत्राने मापन करण्याचे प्रयत्न याहून जुने आहेत. इटलीतील लिऑन बातिस्ता आल्बेर्ती यांनी पंधराव्या शतकात लोंबत्या फळीचे यंत्र वर्णिले होते. वाऱ्याने फळी जितकी उचलली जाईल तितका वारा जोराचा. पुढे १८४६ साली आयर्लंडमधील आर्मा वेधशाळेचे खगोलशास्त्रज्ञ थॉमस रॉम्नी रॉबिन्सन यांनी चार अर्धगोल वाट्यांचे फिरते यंत्र पुढे आणले. वाटीच्या पोकळ बाजूवर वाऱ्याचा रेटा पाठीवरील रेट्याच्या तिपटीहून अधिक पडतो. म्हणून वारा कोणत्याही दिशेने आला तरी चक्र एकाच बाजूला फिरत राहते. १९२६ साली कॅनडाचे जॉन पॅटर्सन यांनी तीन वाट्यांचे चक्र अधिक चांगले असल्याचे दाखविले, आणि तोच नमुना जगभर रूढ झाला. घरगुती कामासाठी मात्र चार वाट्या सोयीच्या असतात, कारण दोन काड्या एकमेकींवर आडव्या बांधल्या की सांगाडा तयार होतो.

पहिले उपकरण : चार वाट्यांचे चक्र

साहित्य : चहाचे चार लहान कागदी पेले; पतंगाला लावतात तशा बांबूच्या दोन सरळ कामट्या, प्रत्येकी सुमारे ४० सेंटिमीटर लांब; स्वेटर विणण्याची एक सुई; जुन्या पेनाचे बंद टोकाचे टोपण; शीतपेय पिण्याच्या नळीचा तुकडा; वाळूने भरलेली एक जड बाटली व तिला घट्ट बसणारे बूच; दोरा, चिकटवण्याची खळ आणि थोडा लाल रंग.

कृती : दोन्ही कामट्यांचे मध्य शोधून त्या काटकोनात एकमेकींवर ठेवाव्यात व दोऱ्याने घट्ट बांधाव्यात. प्रत्येक टोकास एक पेला आडवा बसवावा. पेल्याचे तोंड वर किंवा खाली न राहता बाजूला असावे, आणि एका पेल्याच्या तोंडासमोर पुढच्या पेल्याची पाठ यावी. चौघांची तोंडे फिरण्याच्या दृष्टीने एकाच दिशेला असली पाहिजेत. एकही पेला उलटा बसला तर चक्र अडखळेल. चक्राच्या मध्यापासून प्रत्येक पेल्याच्या मध्यापर्यंतचे अंतर बरोबर १५ सेंटिमीटर ठेवावे. गणतीसाठी एक पेला लाल रंगवावा. रंगाचे वजन इतरांहून अधिक होऊ नये म्हणून बाकीच्या तिघांसही दुसऱ्या रंगाचा तेवढाच हात द्यावा.

पेनाचे टोपण, बंद टोक वर ठेवून, कामट्यांच्या छेदाखाली उभे बांधावे. टोपण आतून फार रुंद असल्यास त्यात नळीचा तुकडा बसवावा, म्हणजे चक्र डुलणार नाही. सुई बुचातून आरपार घालून बाटलीत उभी करावी, टोक वर राहू द्यावे, आणि त्या टोकावर टोपण अलगद ठेवावे. सारे वजन सुईच्या टोकावर तोलले गेल्याने घर्षण फार थोडे होते. चक्र हळूच फिरवून पाहावे. ते दर वेळी एकाच जागी थांबत असेल तर त्या बाजूचा पेला जड आहे असे समजावे व समोरच्या पेल्यास कागदाचा लहान तुकडा चिकटवून तोल साधावा.

फेऱ्यांवरून वेग

लाल पेला समोरून किती वेळा गेला हे ३० सेकंद मोजले की फेऱ्यांची संख्या मिळते. पेल्याच्या मध्याचा मार्ग १५ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ आहे. म्हणून एका फेरीत तो सुमारे ९४ सेंटिमीटर प्रवास करतो. यावरून पेल्याचा वेग काढता येईल. पण पेल्याचा वेग म्हणजे वाऱ्याचा वेग नव्हे. एका बाजूचे पेले वाऱ्याबरोबर जात असता दुसऱ्या बाजूचे वाऱ्याविरुद्ध परत येत असतात व चक्राला मागे खेचतात. त्यामुळे पेले वाऱ्यापेक्षा पुष्कळच हळू फिरतात. किती हळू, हा खरा प्रश्न आहे. वाऱ्याचा वेग पेल्यांच्या वेगाच्या जितकी पट असेल, त्या संख्येस यंत्राचा गुणक म्हणतात.

वाट्या केवढ्याही असोत व भुजा कितीही लांब असोत, गुणक नेहमी ३ असतो, असे रॉबिन्सन यांचे मत होते. हा आकडा सुटसुटीत असल्याने अनेक दशके वेधशाळांतून निःशंकपणे वापरला गेला. २८ डिसेंबर १८७९ रोजी स्कॉटलंडमधील टे नदीवरील रेल्वेपूल वादळात आगगाडीसह कोसळला. पुलाच्या आराखड्यात वाऱ्याच्या दाबाचा पुरेसा विचार झाला नव्हता, असे चौकशीत दिसून आले, आणि वाऱ्याच्या मापनाकडे अभियंत्यांचे लक्ष नव्याने वेधले गेले. पुढे इंग्लंडमधील विल्यम हेन्री डाइन्स यांनी फिरत्या लांब भुजेवर वाट्यांची यंत्रे बसवून, माहीत असलेल्या वेगाने त्यांना हवेतून फिरवून पाहिले. तेव्हा गुणक वाट्यांच्या व भुजांच्या मापाप्रमाणे बदलतो असे सिद्ध झाले. ब्रिटनमधील मोठ्या प्रमाणित यंत्रासाठी ३ च्या ऐवजी २.२ हा गुणक स्वीकारण्यात आला. याचा अर्थ असा की, जो वारा ताशी ९० किलोमीटर म्हणून नोंदला गेला होता तो वस्तुतः ताशी सुमारे ६६ किलोमीटरच होता.

यंत्रात बिघाड नव्हता. वाट्या व्यवस्थित फिरत होत्या व फेऱ्याही अचूक मोजल्या जात होत्या. चूक होती ती फेऱ्यांचा अर्थ न पारखता गृहीत धरण्यात. म्हणून घरी केलेल्या चक्राचा गुणकही पुस्तकातून न घेता प्रयोगाने काढावा.

गुणक काढण्याचा प्रयोग

स्थिर हवेत यंत्र पुढे नेले असता यंत्रास वारा लागतो, आणि त्याचा वेग यंत्राच्या वेगाइतकाच असतो. यासाठी वारा पूर्ण पडलेली पहाट निवडावी. झिरकपूरच्या परिसरात पावसाळा संपल्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत, अशा शांत पहाटा पुष्कळ मिळतात. शाळेच्या मैदानावर फितीने १०० मीटर अंतर मोजून दोन खुणा कराव्यात. रहदारीच्या रस्त्यावर हा प्रयोग करू नये. बाटलीऐवजी सुई एका हलक्या काठीच्या टोकास बांधावी व काठी सायकलच्या पुढील भागास अशी बांधावी की चक्र स्वाराच्या डोक्यापेक्षा वर व पुढे राहील, म्हणजे स्वाराच्या शरीराने अडलेली हवा त्यास लागणार नाही.

सायकल एकसारख्या वेगाने १०० मीटर न्यावी व मागे बसलेल्या सोबत्याने दोन खुणांमधील फेऱ्या मोजाव्यात. मोबाइल दूरध्वनीवर चित्रण करून ते सावकाश पाहिल्यास मोजणी अधिक बिनचूक होते. हवेत किंचित हालचाल असली तरी तिचा परिणाम निघून जावा म्हणून तेच अंतर उलट दिशेनेही कापावे व दोन्ही संख्यांची सरासरी घ्यावी.

समजा, सरासरी ३९ फेऱ्या झाल्या. पेल्यांनी ३९ × ०.९४ म्हणजे सुमारे ३६.७ मीटर प्रवास केला, तर हवा १०० मीटर सरकली. यावरून गुणक १०० ÷ ३६.७ म्हणजे सुमारे २.७ येतो. हेच वेगळ्या शब्दांत सांगायचे तर प्रत्येक फेरीमागे सुमारे २.५६ मीटर वारा यंत्रावरून जातो. ही संख्या बाटलीवर लिहून ठेवावी. पुढे ३० सेकंदांत ४० फेऱ्या मोजल्या तर १०२ मीटर वारा गेला, म्हणजे वेग ताशी सुमारे १२ किलोमीटर झाला, हे लगेच काढता येते.

आता एकदा सावकाश, १०० मीटर ३६ सेकंदांत, आणि एकदा जलद, २० सेकंदांत, असा प्रवास करावा. हे वेग अनुक्रमे ताशी १० व १८ किलोमीटर होतात. गुणक खरोखर स्थिर असेल तर दोन्ही वेळा फेऱ्या सारख्याच भरल्या पाहिजेत. सावकाश प्रवासात त्या कमी भरल्या तर सुईच्या टोकावरील घर्षण त्या वेगाला दुर्लक्षिण्याजोगे नाही असे समजावे.

दुसरे उपकरण : लोंबता चेंडू

वारा ताशी ३० किलोमीटरांच्या पुढे गेला की फेऱ्या डोळ्यांनी मोजणे कठीण होते. तेथे आल्बेर्तींच्या फळीचे एक वंशज उपयोगी पडते. कंपासपेटीतील कोनमापकाच्या मध्यबिंदूस ३० सेंटिमीटर लांबीचा बारीक दोरा बांधावा व त्याच्या टोकास टेबल टेनिसचा चेंडू चिकटवावा. कोनमापकाची सरळ कड वर व क्षितिजसमांतर धरावी आणि पृष्ठभाग वाऱ्याच्या दिशेशी समांतर ठेवावा. वारा नसताना दोरा ९० अंशांवर उभा राहील. वाऱ्याने तो जितके अंश सरकेल तितका कल लिहून घ्यावा.

टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटर व्यासाचा व २.७ ग्रॅम वजनाचा असतो. वजन त्यास खाली ओढते, वारा आडवा लोटतो, आणि दोहोंच्या प्रमाणावरून दोऱ्याचा कल ठरतो. चेंडूचे माप निश्चित असल्याने वेग गणिताने काढता येतो :

कल १० अंश : ताशी १३ किलोमीटर
कल २० अंश : ताशी १९ किलोमीटर
कल ३० अंश : ताशी २४ किलोमीटर
कल ४० अंश : ताशी २९ किलोमीटर
कल ५० अंश : ताशी ३५ किलोमीटर
कल ६० अंश : ताशी ४२ किलोमीटर
कल ७० अंश : ताशी ५३ किलोमीटर

चेंडू सतत झुलत असल्याने एक मिनिटभर पाहून मधला कल घ्यावा. हे आकडे नेहमीच्या घनतेच्या हवेसाठी आहेत. मे महिन्यात झिरकपूरचे तापमान ४० अंशांवर जाते तेव्हा हवा विरळ होते व चेंडूस कमी लोटते. अशा दुपारी तक्त्यातील वेगात सुमारे ५ टक्के मिळवावे. वाट्यांच्या चक्रावर विरळ हवेचा परिणाम फारच थोडा होतो. दोन्ही उपकरणे शेजारी ठेवून एकाच वेळी वाचन घेतल्यास ती एकमेकांची परीक्षा करतात. दोहोंत मोठी तफावत आली तर कोणते चुकते आहे याचा शोध घ्यावा. सोयीचा आकडा निवडून मोकळे होऊ नये.

जागा व नोंद

इमारती व झाडे वारा अडवितात व त्यात भोवरे निर्माण करतात. म्हणून जागतिक हवामान संघटनेने वायुवेगमापकाची प्रमाण उंची मोकळ्या जागी जमिनीपासून १० मीटर ठरविली असून १० मिनिटांची सरासरी घेण्याचा संकेत आहे. मोकळ्या मैदानात जमिनीपासून २ मीटरांवर मिळालेला वेग १० मीटरांवरील वेगाच्या सुमारे चार-पंचमांश असतो. दाट वस्तीत तो याहूनही कमी भरतो. नोंदवहीत वेगाबरोबर तारीख, वेळ, दिशा, उंची आणि ब्यूफर्ट क्रमांक लिहावा.

भारतातील वाऱ्याच्या नोंदींची जबाबदारी १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामानशास्त्र विभागाकडे आहे. त्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. पुण्यातील शिवाजीनगरची त्याची इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ या नावाने ओळखली जाते. १९४४ साली मुख्यालय दिल्लीस गेले, तरी हवामानाची उपकरणे बनविण्याचे व पारखण्याचे काम पुण्यात चालू राहिले.

वादळ येताना गच्चीवर, झाडाखाली किंवा विजेच्या तारांजवळ थांबू नये. उपकरण आधीच मांडून ठेवावे व वाचन खिडकीतून घ्यावे. विजा चमकू लागताच काम थांबवावे.

वेग व दाब

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट न होता चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा त्याच्या समोर उभ्या असलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे ६ किलोग्रॅम वजनाइतका रेटा देतो. वेग ७२ झाला की तो २४ होतो, आणि १०८ झाला की सुमारे ५५. दोन मीटर रुंद व तीन मीटर लांब पत्र्यावर ७२ किलोमीटरांच्या वाऱ्याचा रेटा दीडशे किलोग्रॅमच्या जवळ जातो. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे धुळीच्या वादळात एक प्रचंड जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळला व १७ माणसे मृत्युमुखी पडली. फलक जितका मोठा तितका त्यावरील एकूण रेटा अधिक, आणि तो पेलण्याची शक्ती पायात असावी लागते.

यावरून मापनातील लहान चुकीचे महत्त्वही कळते. गुणक २.७ असताना ३ धरल्यास वेगात सुमारे ११ टक्के चूक होते, पण दाबात ती सुमारे २३ टक्क्यांवर जाते. चूक उलट दिशेने झाली तर छप्पर बांधणारा गरजेपेक्षा कमी दोर वापरील.

प्रश्न व प्रयोग

१. चार पेल्यांपैकी समोरासमोरचे दोन काढून टाकल्यास चक्र प्रत्येक वेळी आपोआप सुरू होईल काय? करून पाहा व कारण लिहा.

२. भुजा १५ सेंटिमीटरऐवजी १० सेंटिमीटर करा. १०० मीटरमधील फेऱ्या पुन्हा मोजून नवा गुणक काढा. तो पहिल्याइतकाच आला काय?

३. एकाच वेळी गच्चीवर व अंगणात वेग मोजा. दोहोंचे गुणोत्तर काढून त्यातील फरकाची कारणे शोधा.

४. एक महिनाभर रोज सकाळी व सायंकाळी प्रथम ब्यूफर्ट श्रेणीने अंदाज लिहा व मग उपकरणाने वेग मोजा. अंदाज कोणत्या वेगास अधिक चुकतो?

५. ताशी ९० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा एक चौरस मीटरवरील रेटा, वर दिलेल्या ३६ किलोमीटरांच्या आकड्यावरून काढा. आपल्या शाळेच्या फाटकावरील फलकाचे क्षेत्रफळ मोजून त्यावर अशा वाऱ्याचा एकूण रेटा किती पडेल ते सांगा.